पाकळीचा कोपरा

रविवार, १९ ऑगस्ट १९७३

टायरवाल्यानं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आजपर्यंत बाकाच्या पायाखाली होती. बाक डुगडुगायचा. आज तिथं लाकडाची पाचर मारून डायरी काढली. आजपासून जे करणार आहे ते तारखेनिशी नोंदलेलं असावं. उद्या कुणी म्हणायला नको, की आकाराम लोहाराला हे कुणीतरी शिकवलं. शाळा सातवीपर्यंत. इंजिन मला कुणी शिकवलं नाही. मी उघडत गेलो, ते सांगत गेलं. वहीचा नियम एकच : पेनानं लिहायचं आणि मागं उलटून वाचायचं नाही. मागं बघून खोडाखोड करणारा मिस्त्री मला आवडत नाही.

तर विषय हा. जावा मोटारसायकलच्या सिलिंडरला मागच्या अंगाला एक खिडकी असते, तिच्यावर कार्बोरेटर बसतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, पिस्टनच्या घेराची खालची कड खिडकीच्या वर सरकते आणि पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली आला की तोच घेर खिडकी झाकतो. म्हणजे दारही पिस्टन आणि दारवानही पिस्टन. भानगड अशी, की पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या, क्रँकच्या फेरीत मोजलं तर, सत्तर अंश आधी खिडकी उघडत असेल तर मिटणारही सत्तर अंश नंतरच. गाडीला जास्त श्वास पाहिजे म्हणून घेर चार मिलिमीटर कापला, तर ती जेवढी लवकर उघडते तेवढीच उशिरा मिटते. गाडी पळत असताना हे खपतं, आत घुसणाऱ्या हवेलाच वेग असतो. गाडी हळू झाली की मात्र पिस्टन खाली येता येता आत आलेलं परत बाहेर ढकलतो. कार्बोरेटर थुंकतो. चालवणाऱ्याची विजार गुडघ्याला भिजते. कोल्हापुरात घेर कापणारे दहाजण आहेत आणि दहांच्याही गाड्या थुंकतात. माझीसुद्धा. खोटं कशाला लिहू.

काल बिद्रीला भावाकडं गेलो होतो. वडिलांचा भाता फाटून पडला होता. आत चामड्याची झडप दिसली. भाता फुगवला की ती उघडते, दाबला की मिटते. दहा वर्षं तो भाता मी ओढला आणि आत कधी बघितलं नाही. खिडकीला तशी झडप लावायची, पोलादाची. श्वास आत जाईल, बाहेर येणार नाही.

येताना एसटीत झोप लागली नाही.

रविवार, २६ ऑगस्ट

लालासाब पटवेगारला सांगितलं. उद्यमनगरात त्याचा लेथ आणि माझं गॅरेज भिंतीला भिंत लावून आहेत. बावीस वर्षांपूर्वी मधल्या भिंतीला दीड वीत झरोका पाडला. त्यातनं पाने, चहा आणि शिव्या जा-ये करतात. लालाच्या कामाची ओळख म्हणजे स्क्रूची खाच. तो स्क्रू आवळतो तो असा, की खाच आडवीच आली पाहिजे. चार स्क्रू असले तर चारी खाचा एका ओळीत. मी हसतो, पण असा हात कोल्हापुरात दुसरा नाही.

कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधे बसणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा त्यानं दोन दिवसांत करून दिला. त्यात दोन चौकोनी भोकं, प्रत्येकावर एक पोलादी पाकळी. पाकळ्या मी भिंतीवरच्या घड्याळाच्या स्प्रिंगमधनं कापल्या. जाडी मिलिमीटरचे तीन दशांश. खालची मान अरुंद, तिथं स्क्रू. वरचा भाग रुंद, तो फडफडणार.

लालानं पाकळी उजेडात धरली. "आकाराम, मान जितं रुंद हुती तितला कोपरा असा चौकोनी ठिवू नगोस. गोल कर."

"का?"

"शाफ्टला खाच पाडताना कोपऱ्यात गोलाई सोडतो आमी. न्हाय तर शाफ्ट तितनंच तुटतोय."

म्हटलं, "शाफ्टला पीळ पडतोय. ही नुसती हलणार. कोपरा म्हंजे कोपरा. गुण्याला लागला पायजे."

"गुण्या लावून गाडी पळती व्हय रं?"

"लेथवाल्यानं लेथ बघावा."

हसला आणि झरोक्यातनं चहा सरकवला. गुण्या लावून दाखवला : चारी कोपरे काटकोनात, उजेडाची फट नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

थुंकत नाही!

कार्बोरेटरच्या तोंडामागं पांढरं फडकं धरलं. हळू, मध्यम, फुल्ल. दहा मिनिटं. फडकं कोरडं. घेर कापलेला पिस्टन आणि गाडी पहिल्या गिअरात म्हशीसारखी शांत चालते, वर ताणली की सुटते. लाला स्वतः फडकं नाकाला लावून बघत होता. "वास बी न्हाय रं!" त्याला माझ्याहून जास्त आनंद. दोघं भेळ खायला गेलो.

आंबा घाटाची शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी. मलकापूरच्या पुढं, साखरप्याच्या बाजूनं वर. गाडी ख्वाजा चालवणार. ख्वाजा लालाचा मेव्हणा. लालाच्या बायकोच्या, रोशनबीच्या पाठचा, आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. मला मामा म्हणतो. "मामा, गाडी आता खोकत न्हाय, गाती."

मंगळवार, १८ सप्टेंबर

पुण्याच्या एका मोटारसायकल कारखान्यातल्या साहेबांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. शर्यतीला येतो, दुसऱ्या दिवशी तुमच्या गॅरेजात इंजिन उघडून झडप बघू, असं. पसंत पडली तर आमच्या गाडीवर बसवून चाचणी घेऊ, तुमच्या नावानं. "तुमच्या नावानं" हे शब्द त्यांचे आहेत, माझे नव्हेत. पत्र बायकोला, झुंबरला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लालाभावजींचं नाव बी घाला की." म्हटलं, त्यानं ठोकळा केला. ठोकळा कुणीही करतो.

हे लिहायला नको होतं. पण पेनानं लिहिलंय.

रविवार, ३० सप्टेंबर

ख्वाजा पन्हाळा दोनदा चढून आला. गाडी उत्तम. उघडून बघितलं तर डाव्या पाकळीच्या मानेला, कोपऱ्यात, केसाएवढी रेघ. भिंगानं तपासली. कानस निसटल्याचा ओरखडा असणार.

लालानं नखानं चाचपली. "ही रेघ न्हाय. चीर हाय."

"रोजा कडक लागलाय तुला. डोळ्यांपुढं चिरा दिसायल्यात."

एरवी माझ्या तोंडावर शिवी फेकली असती. आज हसला नाही. "आकाराम, ह्यो तुकडा तुटून आत गेला तर पिस्टन धरंल. पिस्टन धरला की मागचं चाक जाम. घाटात. वर कोण बसणार हाय, ठावं हाय न्हवं?"

"मापात चूक असंल तर दाव."

"माप बराबर हाय की रं! मी मापाचं बोलतच न्हाय."

"मग कशाचं बोलतोस? बाराव्या वर्षापास्नं पोलाद ठोकतोय मी. लोहाराला पोलाद शिकवू नगंस."

तो उठून त्याच्या बाजूला गेला. झरोक्यातनं एवढंच म्हणाला, "ह्या वर्साला झडपीबिगर पळवू या. घेर कापलाय त्येवढा पुरं हाय. पुढल्या वर्साला लाव."

पुढल्या वर्षी पुण्याचे साहेब येणार आहेत काय? पाकळी तेल लावून पुसली आणि परत बसवली.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर. खंडेनवमी

गाडी लालाच्या शेडमधे आहे, तिथूनच घाटाला न्यायची. पूजा तिथंच केली. लालाचा लेथ आजच्या दिवशी बावीस वर्षं बंद असतो. झेंडूची माळ तो स्वतः घालतो. हत्यारं मांडली, गाडीच्या एकेक नटाला कुंकू लावलं. ठोकळ्याच्या दोन नटांना जरा जास्तच, बोट दाबून. नारळ मीच फोडला. नारळ फुटला की काम होईपर्यंत पाना लावायचा नाही, हा आमच्या वडिलांचा ऐरणीचा नेम. मी तो इंजिनाला लावला. लालाला तो माझ्याइतकाच पाठ आहे.

जेवायला घरी आलो. लाला म्हणाला, "माझा रोजा हाय, मी हितंच टेकतो. तू जा."

शनिवार, ६ ऑक्टोबर. दसरा

संध्याकाळी लाला सोनं द्यायला आला. दरवर्षी मिठी मारतो आणि माझी टोपी पाडतो. आज आपट्याची पानं हातावर ठेवली आणि ख्वाजाला लवकर झोपवायचंय म्हणून निघाला. रोज्यामुळं माणूस थकतो.

त्याआधी गाडी बघून आलो होतो. सगळ्या नटांवरचं कुंकू जागेवर, फक्त ठोकळ्याच्या दोन नटांच्या कडा लख्ख. ख्वाजाला गाडी पुसायची भारी खोड आहे. रागावणार होतो, पण उद्या शर्यत. पोराचं मन कशाला मोडा?

रविवार, ७ ऑक्टोबर. रात्री

पहिला नंबर! अकरा मिनिटं पस्तीस सेकंद. दुसरा आला त्याला बारा-दहा लागली.

सविस्तर लिहितो. मी वर तुटक्या कठड्याच्या वळणावर घड्याळ घेऊन उभा होतो. तिथं एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, ढग तेवढे. ख्वाजा तिथनं गेला तेव्हा आठ मिनिटं दहा सेकंद. वहीत तिथल्या तिथं नोंद केली. इंजिन एका सुरात, कुठं अडखळ नाही. फक्त पोरगा गाडी हळू म्हणून होऊ देत नव्हता. वळणातसुद्धा अर्धा क्लच धरून ताणतच होता. झडप असताना याची गरज नव्हती. शिकवायला पाहिजे.

वर गेलो तर साहेबांनी हात मिळवला. लोकांनी मला उचललं. ख्वाजाच्या विजारीला पेट्रोलचा वास येत होता, उजवा गुडघा ओला. टाकी काठोकाठ भरली असणार. लाला गर्दीच्या कडंला उभा होता. ख्वाजाला पोटाशी धरून रडत होता. मेव्हणा जिंकला म्हणून एवढं रडणारा माणूस मी बघितला नव्हता. मी हाक मारली, "लाला, आपली झडप!" त्यानं हात वर केला, आला मात्र नाही.

उद्या दहा वाजता साहेब.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही.

साहेब दहाला आले. बाक धुतला होता, पांढरा कपडा अंथरला होता. शेजारचे सहा-सात मिस्त्री दारात. साहेब म्हणाले, "परदेशात हल्ली काही गाड्यांना अशी झडप बसवतात, रीड व्हॉल्व्ह म्हणतात. पण तुम्ही भाता बघून इथवर आलात, हे विलक्षण आहे." परदेशात आहे, म्हणजे पहिला मी नव्हे. पण "विलक्षण" म्हणाले. मी सांगत गेलो, श्वास कसा आत जातो, कसा अडतो. सांगता सांगता दोन नट काढले, कार्बोरेटर बाजूला केला, ठोकळा ओढला आणि उलटा करून त्यांच्यापुढं धरला.

त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते ठोकळ्याकडं बघत होते.

"मिस्त्री, पाकळ्या कुठं आहेत?"

दोन चौकोनी भोकं. आरपार. पलीकडं माझा अंगठा दिसत होता. पाकळ्यांचे स्क्रू मात्र जागेवर होते, नुसतेच आवळलेले, वारा कुठून शिरू नये म्हणून. चार स्क्रू. चारी खाचा आडव्या, एका ओळीत.

दारात कुणीतरी फिसकन हसलं. "झडप उडून गेली वाटतं, मिस्त्री. दसऱ्याला सीमोल्लंघन!"

साहेब भला माणूस. म्हणाले, "म्हणजे तुमचं पिस्टनचं काम इतकं चांगलं आहे, की झडपेशिवायच जिंकलात." यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. पत्ता देऊन गेले. झडप तयार झाली की कळवा, म्हणाले. तयार झाली की! ती एक महिन्यापूर्वी तयार झाली होती.

पलीकडं गेलो. लेथ चालू होता. "बंद कर." बंद केला.

"खंडेनवमीला पाना लावलास?"

"लावला."

"पूजा झाल्यावर? कुंकवावर?"

"व्हय."

"आणि काल लोक मला खांद्यावर घेत हुती, ते बघत उभा ऱ्हायलास?"

"गाडी आली की रं वर. पोरगं आलं."

"मला तोंडावर सांगायचं हुतंस!"

तेव्हा माझ्याकडं बघितलं त्यानं. "तू ऐकणारा माणूस हाईस व्हय, आकाराम?"

ख्वाजा कोपऱ्यात उभा होता. "मामा, मला बी..." म्हणजे त्यालाही माहीत होतं. ओल्या गुडघ्यानं माझ्या पाया पडला होता. बावीस वर्षांत लालानं माझा एक पाना न विचारता उचलला नव्हता. उचलला तो हा.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

झरोका बुजवला. विटा अकरा, सिमेंट दीड पाटी. ओळंबा लावून. पलीकडनं लेथचा आवाज थांबला होता, मी शेवटची वीट बसवली तसा सुरू झाला.

झुंबर म्हणाली, "चहा कुटनं देनार आता?"

मी चहा सोडला.

गुरुवार, २५ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

फराळाचा डबा या वर्षी पलीकडं गेला नाही. झुंबरनं भरून ठेवला होता. मी नको म्हटलं.

रविवार, २८ ऑक्टोबर. ईद

रोशनबी आली. झाकलेल्या वाडग्यात शीरखुर्मा आणि पदराच्या गाठीत काहीतरी. उंबऱ्यातच बसली.

"भाऊजी, शिव्या द्याच्या असतील तर मला द्या. मीच काढाय लावली."

"तू?"

"ती चीर दिसली तवापास्नं त्येनी जेवत नव्हते. रोजा सोडायचा, खजूर त्वांडात धरायचा, गिळायचा न्हाय. मी इचारलं, तवा सांगितलं. मी म्हटलं, ख्वाजाला पाठवूच नगा. तर म्हनाले, न्हाय पाठवला तर आकारामची अब्रू जाती. आनि तसंच पाठवलं तर..." वाडगा उंबऱ्यावर ठेवला. "मग त्येनी म्हनाले, दोनी राखतो. गाडी पळंल बी आनि नाव त्याचंच हुईल. पुण्याचं सायेब दुसऱ्या दिशी उघडून बघनार, ह्ये त्येंच्या ध्यानातच न्हाय आलं, भाऊजी. पोरगं वर आलं आनि बाकी समदं इसरलं."

गाठ सोडून दोन पाकळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "दसऱ्याच्या दिशी सोन्यासंगट देनार हुते. धीर झाला न्हाय."

मी म्हटलं, "झुंबरला भेट आत." झुंबर आणि ती चुलीपाशी बराच वेळ बसल्या. शीरखुर्मा सगळ्यांनी खाल्ला. मीही दोन चमचे. अन्नावर राग काढत नाहीत.

डाव्या पाकळीच्या कोपऱ्यातली रेघ आता अर्ध्या मानेपर्यंत दिसते. लालानं काढताना पान्यानं पिळली असणार.

रविवार, ४ नोव्हेंबर

पाकळी घाटात टिकली असती, ते सिद्ध करायचं ठरवलं. माझी जुनी जावा स्टँडवर घेतली. पिस्टनचा घेर तेवढाच कापलेला, त्याच दोन पाकळ्या, तोच ठोकळा. घाटाएवढा ताण पडावा म्हणून मागच्या चाकाला लाकडाचा ब्रेक. घड्याळ लावलं. फडकं कोरडं. इंजिन गात होतं. खरंच गात होतं.

आठ मिनिटं बावीस सेकंदांनी टिक् असा आवाज झाला. नखावर नख आपटल्यासारखा. पुढच्या क्षणी मागचं चाक जागच्या जागी थांबलं, इतकं, की गाडी स्टँडवरनं पुढं सरकली आणि बाकावर आदळली.

उघडलं. डावी पाकळी मानेतनं गेलेली, कोपऱ्यापासून सरळ. तुकडा पिस्टनच्या आणि सिलिंडरच्या मधे. पिस्टन फुटला, सिलिंडरला खोल चर.

आठ बावीस. शर्यतीच्या दिवसाचा आकडा मला वही उघडून बघावा लागत नाही. तुटक्या कठड्यापासून बारा सेकंद पुढं. तिथं वळण अजून संपत नाही.

यानं फार काही सिद्ध होत नाही. स्टँडवरचं इंजिन आणि घाटातलं इंजिन एक नव्हे. घाटात वारा लागतो. स्प्रिंगही जुन्या घड्याळाची होती.

दुपारी बसून नवी पाकळी कापली. मानेचे कोपरे गोल घेतले, गोल कानशीनं, दोन मिलिमीटरची गोलाई. साहेबांना पत्र लिहिलं : "झडपेत सुधारणा केली आहे. कोपऱ्यांना गोलाई दिल्यास पाकळी टिकते, असे मला" आणि तिथं पेन थांबलं. "आढळले" लिहायचं होतं. अजून लिहिलेलं नाही.

सिलिंडर आतनं कातून बोअर करायला पाहिजे. उद्यमनगरात लेथ वीस आहेत. बोअर सुतात येईल असा एकच. भिंत फोडणार नाही, ओळंब्यात बांधलीय. रस्त्यानं वळसा घालून जाईन. सिलिंडर फडक्यात बांधून ठेवलाय. झुंबरनं रोशनबीचा वाडगा धुऊन त्यात करंज्या घातल्यात. परतीचं भांडं रिकामं जात नाही म्हणाली. तो सिलिंडरच्या शेजारी ठेवलाय.

जाईन, काम देईन, येईन. बोलणार नाही. कुंकवावर पाना लावला ते मी विसरणार नाही, आणि सात माणसांपुढं रिकामा ठोकळा धरून उभा होतो तेही नाही. पोरासाठी केलं, हे कळतं मला. मी काय दगड आहे? पण मित्रानं मित्राला फसवायचं नसतं. तोंडावर सांगायचं असतं. लालानं एकदा, फक्त एकदा जरी मला म्हटलं असतं, की कोपरा गोल कर, तर मी ऐकलं असतं.